झाडाखालचा दुसरा माणूस

कुठलीही वस्तू हातात आली की नाना आधी तिला बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. मग ती लोखंडी पाइप असो, कलिंगड असो, नाहीतर खोलीचं दार. ठोकायचे, कान जवळ न्यायचे, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचे, "खरं बोलतंय." किंवा, "ह्ये खोटं हाय, बाजूला ठिवा."

एकदा मी खोलीत बढाया मारत बसलो होतो. नाना उठले, माझ्या टाळक्यावर पेर ठोकलं, कान जवळ नेला आणि काही न बोलता परत आपल्या जागेवर जाऊन बसले. सगळी खोली हसली. निकाल सांगायची गरजच पडली नाही.

त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. ते जामखेड तालुक्यातले, खर्ड्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरचे. मी नगरचा, सावेडीचा. एकाच जिल्ह्यातले आम्ही दोघे, पण गाठ पडली ती समुद्र ओलांडल्यावर, आखातातल्या एका शहरात. आमची कंपनी उंच इमारती बांधायची. नाना मचाण बांधणाऱ्या टोळीत होते. इमारत जशी वर जाते तसा तिच्याभोवती पाइपांचा सांगाडा चढवत न्यायचा, त्यावर फळ्या टाकायच्या, हे त्या टोळीचं काम. आणि मी टाइमकीपर. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, एवढंच लिहायचं. पण गळ्यात ओळखपत्र आणि खिशात दोन पेनं असल्यामुळे कॅम्पातली मराठी माणसं मला 'मास्तर' म्हणायची. मी जन्मात कुणाला काही शिकवलेलं नाही. पण एकदा मास्तर म्हणवून घ्यायची चटक लागली, की माहीत नसलेल्या गोष्टीही माहीत असल्यासारख्या सांगाव्या लागतात. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. नसला तर मी आहेच.

नानांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका सकाळी कामावर. नवव्या मजल्याचं मचाण तयार होतं, तपासणीची हिरवी पाटी लागली होती, खाली पन्नासेक माणसं चढायची वाट बघत उभी होती. नानांनी एक जोड ठोकून पाहिला आणि सरळ खाली उतरून जमिनीवर मांडी घालून बसले.

फोरमन धावत आला. ओरडला, हात नाचवले. नाना म्हणाले, "वर मानसं चढनार हायती. ह्यो जोड खोटा बोलतोय."

मी मध्ये पडलो. मास्तर ना मी! म्हटलं, "नाना, हिरवी पाटी लागलीय. तपासणी झालीय."

"पाटी कागदाची हाय, मास्तर."

शेवटी तो जोड उघडला. आतल्या बोल्टाचे आटे पार झिजलेले होते. जोर पडला असता तर फळीसकट माणसं खाली आली असती. दुसऱ्या दिवसापासून कुठलंही मचाण आधी नाना ठोकणार आणि मग माणसं चढणार असं ठरून गेलं.

आता माझा पराक्रम ऐका. मी त्या दिवशी माझ्या वहीत नानांच्या नावापुढे 'अर्धा तास काम बंद' असं लिहून मोकळा झालो होतो. नियम म्हणजे नियम. नंतर लाज वाटली, खोडायला गेलो, तर नानांनीच हात धरला. "ऱ्हाऊ द्या. बसलो हुतो हे खरंच हाय की."

हे असं होतं. त्यांच्याशी बोलताना आपण नेहमी मान वर करून बोलतोय असं वाटायचं. ते खाली बसलेले असले तरी.

नानांचं लहानपण उसाच्या फडावर गेलेलं. दरवर्षी दसरा झाला की आईबाप बैलगाडीत संसार घालून कारखान्याच्या वाटेला लागायचे आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायचे. शाळा मध्येच सुटायची. चौथीच्या पुढे ती सुटली ती सुटलीच. म्हणून पोरगी झाली तेव्हा त्यांनी एक गोष्ट मनाशी बांधली होती, तिचं शाळेचं एकही वर्ष मोडू द्यायचं नाही. ती पोरगी आता नगरला नर्सिंगच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. अजून दोन वर्षं. नानांचं सगळं गणित त्या दोन वर्षांवर उभं होतं. आखातातला व्हिसा दोन-दोन वर्षांनी नवा करावा लागतो. नानांचा संपायला पाच आठवडे उरले होते. एकदा नवा झाला की झालं. पोरगी पास, बाप गावी.

आणि त्याच सुमारास आला गुढीपाडवा.

कॅम्पात आम्ही अकरा मराठी माणसं. गुढीला बांबू नसला तरी पाइपांना तोटा नव्हता. कळशाऐवजी स्टीलचा तांब्या, वस्त्र म्हणून एकाने बायकोसाठी घेऊन ठेवलेली साडी. अडायचं ते कडुलिंबाशी. आदल्या वर्षी ती जबाबदारी मी घेतली होती आणि सुपरमार्केटातून कढीपत्ता आणून बांधला होता. "लांबून तसाच दिसतो," असं माझं म्हणणं होतं. वर्षभर लोक मला जेवताना 'मास्तर, आज आमटीत गुढी घातलीय का?' असं विचारत होते. त्यामुळे यंदा मी पेटलो होतो.

कॅम्पापासून दहा मिनिटांवरच्या रस्त्याला दुतर्फा कडुलिंबाची झाडं होती. त्या वाळवंटी मुलखात ती झाडं बघून नाना पहिल्या दिवशी थबकलेच होते म्हणे. पाणी नळीने येतं, बुंध्याला आळं केलेलं, प्रत्येक झाडाला नंबराचा पत्रा. आपल्याकडे माणसांनाही एवढं कोणी जपत नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, स्वच्छ उजेडात, मी नानांना घेऊन त्या रस्त्यावर गेलो. नानांच्या हातात छोटी करवत, माझ्या हातात पिशवी. मी मुद्दाम नगरच्या कापड बाजारातली चामडी चप्पल घातली होती, अंगठ्याची, वर लाल गोंडा असलेली. सणाचं काम म्हणून.

नाना झाडाखाली थांबले. "मास्तर, ह्ये झाड कुनाचं?"

"सरकारी."

"मग इचारलं का कुनाला?"

खरी गोष्ट अशी, की आदल्या दिवशी मला त्या झाडाखाली पाणी घालणारा माळी दिसला होता. मी त्याला सलाम केला. त्याने मला सलाम केला. संपलं. झाडाचा विषय आमच्यात निघालाच नव्हता. पण 'नाही विचारलं' हे मास्तरच्या तोंडून कसं निघावं?

"विचारलंय," मी म्हणालो. "बागेचा माणूस म्हणाला, एक फांदी घ्या."

"नक्की?"

"नाना, मी काय खोटं सांगेन?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा हात वर गेला. मला वाटलं, आलं टाळक्यावर. पण त्यांनी झाडाच्या बुंध्यावर ठोकलं, "जितं हाय" म्हणाले आणि बूट काढून वर चढले.

पन्नाशीचा माणूस, पण चढणं बघण्यासारखं. वर जाऊन लगेच करवत लावली नाही. चार फांद्या बघितल्या, दोन फांद्या एकमेकींना घासत होत्या त्यातली बारकी निवडली. "ही न्हाईतरी झाडाला जडच हाय," म्हणाले. मग आधी फांदीच्या खालच्या अंगाने चीर द्यायला लागले. "खालनं चीर, मग वरनं काप. म्हंजी साल सोलून निघत न्हाई." करवत खालून जेमतेम लागली असेल-नसेल, तेवढ्यात मला रस्त्याच्या टोकाला पोलिसांची पांढरी गाडी दिसली.

परवानगी असलेल्या माणसाने काय करायला हवं? उभं राहायला हवं. मी काय केलं? ओरडलो, "नाना, पोलीस!" आणि ती फांदी खालून धरून सगळ्या अंगाने ओढली. फांदी मोडली, आणि मोडताना बुंध्याची हातभर साल सोलत खाली आली. नाना वरून म्हणाले, "आरारारा." ते पोलिसांना बघून नव्हे, ती साल बघून.

मी पळालो. एक चप्पल तिथेच सुटली. एका पायाने उकिरड्यावरून पळणाऱ्या कोंबड्यासारखा मी कॅम्पाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेलो. मागे वळून एकदाच पाहिलं. नाना सावकाश खाली उतरत होते. उतरल्यावर त्यांनी करवत पोलिसाच्या हातात दिली, मुठीची बाजू त्याच्याकडे करून.

गुन्हा लहानच. सरकारी झाडाची नासधूस. आपल्याकडे असा गुन्हा असतो हेही कित्येकांना माहीत नसेल. पण परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाला लहान गुन्हा असा नसतोच. नानांना कंपनीच्या हमीवर त्याच संध्याकाळी सोडलं, मात्र ओळखपत्र पोलिसांनी ठेवून घेतलं आणि रविवारी सकाळी जबाबाला बोलावलं. कंपनीची सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा एक केरळी माणूस होता, तिकडे त्याला मंदूब म्हणतात. त्याने समजावून सांगितलं. प्रकरण पोलीस ठाण्यात मिटलं तर मिटलं. कोर्टात गेलं तर कॉम्प्युटरवर नानांच्या नावापुढे खूण राहणार. खूण असेपर्यंत व्हिसा नवा होणार नाही. आणि व्हिसा नवा झाला नाही तर पाच आठवड्यांनी विमान.

दुसऱ्या दिवशी गुढी उभी राहिली, कडुलिंबाशिवाय. कुणीतरी म्हणालं, "यंदाही कडू राहिलं." नाना म्हणाले, "ऱ्हायलं कुटं? खाल्लं की चांगलं." अकरा जणांत मीच तेवढा हसलो नाही. कारण झाडाखाली दुसरा माणूस कोण होता हे कुणालाच माहीत नव्हतं. नानांनी सांगितलंच नव्हतं. मलाही एका शब्दाने विचारलं नव्हतं, की मास्तर, परवानगी होती तर पळालात का?

मी वाट बघत होतो विचारण्याची. उत्तरं तयार होती, चार प्रकारची. विचारलंच नाही.

मंदूबने एक तोड काढली. "बोलना, डाली हवा से टूट के लटका था. तुम खाली निकाला. बस." सगळ्या खोलीला ती पसंत पडली. मला तर फारच. मी नानांची उजळणी घ्यायला बसलो. डोक्यावर टॉवेल घेऊन पलंगावर अधिकारी होऊन बसलो आणि आवाज चढवून विचारलं, "फांदी कुठून आली?"

"झाडावरनं."

"नाना! वाऱ्याने मोडली म्हणा."

"वारं कुटं हुतं त्या दिशी? पान हालत नव्हतं. मला घाम सुटल्ता."

"अहो, साहेबाला काय माहीत?"

"त्यो बी ह्याच गावात ऱ्हातो की."

मी टॉवेल काढला. "नाना, पोरीची अजून दोन वर्षं आहेत. एक वाक्य बोललात तर काय बिघडेल?"

ते पायाचा अंगठा चोळत म्हणाले, "दर शुक्रवारी फोन असतोय तिचा. आबा, ह्या आठवड्यात काय काय झालं, असं इचारती. सगळं सांगावं लागतंय मला." आणि उशी झटकून आडवे झाले.

रविवारी दुभाषा म्हणून मी गेलो. होय, मीच. ठाण्याचा दुभाषा रजेवर होता, नानांची हिंदी फक्त पाइप-फळीपुरती, आणि मला इंग्रजी येतं हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शिवाय खरं सांगू? नाना तिथे काय बोलतात यावर नजर ठेवायला मला जवळ असणं बरं वाटत होतं. गुन्हेगारच दुभाषा झालेला तुम्ही पाहिलाय का कधी? मी आरशात पाहिलाय.

अधिकारी तरुण होता, पांढऱ्या स्वच्छ बोटांचा. टेबलावर दोन पारदर्शक पिशव्या होत्या. एकीत ती फांदी, पानं कोमेजून काळी पडलेली. दुसरीत लाल गोंड्याची एक चप्पल.

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. नशीब, मी बूट घालून गेलो होतो.

अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, की हा माणूस तिथे एकटा होता का? मी नानांना मराठीत विचारलं. विचारताना डोळ्यांनी जेवढं म्हणून विनवता येतं तेवढं विनवलं.

नाना नीट सावरून बसले. "न्हाई साहेब. खाली आनिक एक जन हुता. कोन त्ये मला इचारू नका, त्याचं त्यो सांगंल. पन झाडावर मी हुतो, करवत माझी हुती. परवानगी हाय का न्हाई त्ये मी सोता इचारायला पायजे हुतं. दुसऱ्याच्या सांगन्यावर झाडाला करवत लावली, ह्यो गुन्हा माझाच."

मी अधिकाऱ्याकडे वळलो आणि इंग्रजीत म्हणालो, "होय. एकटा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, म्या येवढं बोललो. तुमी दोनच शब्द?"

"इंग्रजीत कमी लागतं, नाना."

नाना टेबलावर हलकेच पेर ठोकून थेट अधिकाऱ्याशीच बोलायला लागले, त्यांच्या त्या पाइप-फळीच्या हिंदीत. "साब, मास्तर आधा बोल्या. मैं अकेला नै था. दूसरा आदमी था. उसका नाम मैं नै बोलता. उसको मुँह है, वो बोलेगा."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. आणि तो जे बोलला त्याने माझा उरलासुरला मास्तर तिथेच मेला. अस्सल हैदराबादी ढंगात तो म्हणाला, "आप बोलते जाओ चाचा, मेरे को आती हिंदी." त्याच्या घरी लहानपणापासून हैदराबादचा स्वयंपाकी होता म्हणे.

मग त्याने ती चप्पल बघितली. मग माझे बूट बघितले. मग पुन्हा चप्पल.

आता इथे मी असं लिहायला हवं, की माझी सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली. तसलं काही झालं नाही. मी अजूनही निसटायची वाट शोधत होतो. मी चोरून नानांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं असतं, खुणेने बजावलं असतं, तर मी शपथेवर सांगतो, मी तग धरला असता. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांना माझ्याकडून काही नकोच होतं. ते त्या पिशवीतल्या फांदीची सोललेली साल बघत होते. पोरीची दोन वर्षं त्या टेबलावर ठेवून तो माणूस साल बघत होता.

"दुसरा मी," माझ्या तोंडून निघालं. मराठीतच निघालं. मग हिंदीत म्हटलं, मग इंग्रजीत. तीन भाषांत एकच गोष्ट. "परवानगी मी विचारलीच नव्हती. ह्यांना खोटं सांगितलं. फांदीही मीच ओढली, म्हणून साल गेली. चप्पल माझी."

अधिकारी लिहीत राहिला. लिहून झाल्यावर त्याने नानांना विचारलं, "चाचा, कुछ और बोलना?"

"व्हय," नाना म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "मास्तर, ह्ये मला हिंदीत जमायचं न्हाई. आता पुरं सांगा. म्हनावं, शिक्षा काय द्यायची ती द्या. पन तिकडं झाडाची जखम उघडी पडलीय. हितला उन्हाळा तोंडावर हाय, कीड शिरंल. मला तासभर जाऊ द्या. माती आन् शेन मिळालं तर लेप लावतो."

मी सगळं सांगितलं. शेवटचा शब्द गाळायचा मोह झाला होता, पण एका दिवसात दोनदा छाटाछाट करायची माझी हिंमत नव्हती. शेणाला साहेबी शब्द शोधताना मला घाम फुटला. पोलीस ठाण्यात आरोपी शेण मागतोय, हे त्या अधिकाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असावं.

तो हसेल असं मला वाटलं. तो उठला, खिडकीशी गेला आणि पालिकेच्या बागखात्यात फोन लावला.

दुपारी आम्ही सगळे त्या झाडाखाली. अधिकारी, बागखात्याचा एक पिकल्या दाढीचा साहेब, शिडी घेतलेला माळी, नाना आणि मी. माळी तोच, सलामवाला. त्याने पुन्हा सलाम केला. मी जमिनीकडे बघितलं.

शेण नव्हतं, पण बागखात्याकडे झाडांच्या जखमांना लावायचा डब्यातला लेप होता. नानांनी तो हुंगला, बोटांत चोळला, "चालंल" म्हणाले आणि शिडी चढले. चाकूने फाटलेल्या सालीच्या कडा त्यांनी तासल्या, अगदी सावकाश, खालच्या टोकाला निमुळत्या करत. मोडकं थोटूक पुन्हा कापलं, आधी खालून चीर, मग वरून. मग बोटांनी लेप सारवला. ऊन मी म्हणत होतं. दाढीवाले साहेब सुरुवातीला गाडीत बसून होते. अर्ध्यात ते उतरून शिडीखाली आले आणि शेवटी तर त्यांनी स्वतःच शिडी धरली.

मी त्या माणसाला नऊ मजले उंच मचाणावर पाहिलेलं होतं. पण दहा फुटी शिडीवर तो मला जितका उंच दिसला तितका कधीच दिसला नव्हता.

परतताना गाडीत मला राहवेना. म्हटलं, "नाना, शिव्या तरी द्या."

"कशापायी? बोललात की तुमी."

"उशिरा बोललो."

"झालं त्ये झालं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पर मास्तर, पळता लई भारी तुमी. चप्पल सुटली तरी वळला न्हाई. आमच्याकडं बैलाला शर्यतीत असं पळवाया दोन मानसं लागत्यात." आणि खांदे हलवत हसायला लागले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. मीही हसलो, पण डोळे पुसायला रुमाल मलाच काढावा लागला.

बागखात्याने लिहून दिलं, की नुकसान किरकोळ होतं आणि आरोपीने स्वतः दुरुस्त केलं. नानांचं प्रकरण ताकीद देऊन ठाण्यातच मिटलं. माझं मिटलं नाही. खोटी परवानगी सांगणं, पोलिसांना बघून पळणं, अधिकाऱ्यासमोर चुकीचा जबाब सांगणं. यादी वाचताना मलाच माझा धाक वाटायला लागला. दंड झाला, नावापुढे खूण राहिली आणि कंपनीने पत्र दिलं, की यापुढे तुमची गरज नाही.

हे कळल्यावर नाना मंदूबकडे गेले आणि त्याच्या टेबलाशी उभे राहिले. "मास्तर सच बोल्या. उसको कायको भेजता?"

मंदूब म्हणाला, "सच बोला, लेकिन लेट बोला." यावर मला काही आक्षेप घेता येत नाही.

पाच आठवडे पुरे व्हायच्या चार दिवस आधी नानांचा व्हिसा नवा झाला. मंदूबने कागद दाखवला तेव्हा नानांनी तो मला वाचायला सांगितला. मी शब्दन् शब्द वाचला, तारखेसकट, कंपनीच्या शिक्क्यासकट. काही गाळलं नाही.

आता मी सावेडीत असतो. मोटरसायकलींच्या एका दुकानात स्पेअर पार्टच्या काउंटरवर बसतो, तिथे मला कोणी मास्तर म्हणत नाही आणि तब्येतीला ते मानवलं आहे. नाना दोन वर्षांनी परत आले असं ऐकलं. पोरगी नर्स झाली, हेही. त्यांना भेटायला मी दोनदा निघालो. दोन्ही वेळा जामखेडच्या स्टँडवर उतरलो, चहा घेतला, खर्ड्याकडे जाणारी गाडी समोर लागलेली बघितली आणि नगरच्या गाडीत बसून परत आलो. काय सांगायचं भेटून? त्यांना तर काही ऐकायचं नव्हतंच कधी. आणि मागच्या वैशाखात कॅम्पातल्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला, की नाना गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

मी फोन ठेवला. जामखेडहून खर्डा किती लांब असतो?

माझ्या निघायच्या दिवशी पहाटे ते कामावर जायच्या आधी माझ्या पलंगाशी आले होते. हेल्मेट काखेत. मी जागाच होतो. हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मनाला लावून घिऊ नका. तुमच्या जागी मी असतो तर मी बी पळालोच असतो."

नाना खोटं बोलले. मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे एकच खोटं, आणि ते त्यांनी मला देऊन टाकलं. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सवय नव्हती ना.

दुपारी विमानतळाकडे जाणारी गाडी कामाच्या जागेसमोरून गेली. इमारत तोवर विसाव्या मजल्यावर पोचली होती. मी काच खाली केली, मान बाहेर काढून वर पाहिलं. मचाणाच्या अगदी वरच्या कठड्यावर, आभाळाला लागून, सात-आठ माणसं काम करत होती. सगळ्यांच्या डोक्यावर तसलंच पिवळं हेल्मेट, सगळ्यांचे हात कामात. त्यांत नाना कोणते, काही ओळखू येत नव्हतं. मी सगळ्यांनाच हात केला. कोणी खाली बघितलं नाही.

ड्रायव्हर म्हणाला, काच लावा, धूळ येतेय. मी म्हटलं, जरा थांब. त्यांतला एक अजून वर होता.